आधी तोंड, मग हात

उरुसाच्या आदल्या दिवशी हबीब सिकलगाराने जे केलं, ते त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. दाराला कडी लावून त्याने स्वतःच्याच तलवारीची धार मारली. पातं उलटं धरून दगडावर इतकं घासलं, की त्याने लोणीसुद्धा विचार करकरून कापलं असतं. बायकोने, हजराबीने, बाहेरून विचारलं काय चाललंय, तर म्हणाला गंज काढतोय. पण सिकलगाराची बायको ती, दगडाचा आवाज ओळखणारी. धार लागतानाचा आवाज वेगळा आणि धार मरतानाचा वेगळा, हे तिला कळत होतं. ती चुलीकडे गेली.

मग त्याने दुसरी तलवार घेतली. ही मानाची, तालमीची, आणि सध्या त्याच्या दोस्ताच्या, धुळाजीच्या हातातली. तिला मात्र त्याने अशी धार दिली की पात्यावर केस टाकावा आणि दोन उचलावे. ती पाटील दरवर्षी तपासत, म्हणून तिच्यात खोट चालत नव्हती. हबीबची तलवार कुणी तपासत नसे. ज्याच्या हातून गावातली विळी-कोयतीसुद्धा धारेशिवाय परत जात नाही, त्याची तलवार बोथट असेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. माणसाचं चांगलं नाव असं कधी कधी पाप झाकायला उपयोगी पडतं.

ही गोष्ट जर्मन लढाईच्या आधीची, निजामाच्या अमलातली. पाटोद्याच्या बाजाराला जाणारं बेलसुरी नावाचं गाव. गावात पीर एक, मारुती एक आणि तालीमही एकच, त्यामुळे हिंदू-मुसलमान दोघांनाही एकाच मातीत लोळावं लागे. उरुसाला दुपारी संदल, म्हणजे पिराला वाहायच्या चंदनाची मिरवणूक, निघे. त्याच्यापुढे मानाची तलवार चाले आणि मिरवणूक दर्ग्याशी पोचली की मैदानात जोड होई. जोड म्हणजे दोघांचा खेळ. एकाने तलवारीने वार करायचे आणि दुसऱ्याने डाव्या हातातल्या चामड्याच्या फरीने ते अडवायचे. तलवारी खऱ्या आणि वारही पुऱ्या हाताचे.

पण त्यात एक नेम होता. गेलेल्या तात्याबा वस्तादाने तो घालून दिला होता आणि तालमीच्या दारात पाऊल ठेवणाऱ्याला तोच पहिला शिकवत. आधी तोंड, मग हात. वाराचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि मगच पातं सोडायचं. डोक्यावरचा वार तो शीर. डाव्या कानशिलावरचा तमाचा, उजवीकडचा बाहेरा. खांद्यावरून जानव्याच्या वाटेने तिरपा उतरतो तो जनेवा. कमर कुठे ते सांगायला नको, आणि पायाच्या घोट्यावर येतो तो पालट. नाव न घेता केलेला वार हा चोराचा वार, आणि चोराला तालमीत जागा नाही. शहाणे लोक म्हणत, सांगून मारायचं आणि ऐकून अडवायचं, यात कसली आलीय मर्दुमकी? त्यांनी एकदा फरी घेऊन उभं राहायला पाहिजे होतं. नाव निघतं आणि पातं येतं, त्यात पापणी लवण्याइतकाच वेळ असतो.

आणि धुळाजीला आता त्या पापणीचाही उपयोग उरला नव्हता. त्याचे डोळे गेले होते.

हे गावात एकट्या हबीबला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी ज्वारीच्या रानात धुळाजीने त्याला सांगितलं. आधी कडा धूसर झाल्या, मग मधलंही गेलं. बीडच्या दवाखान्यात दोघे जाऊन आले, नारायणगडाला धुळाजी नवस बोलून आला. डॉक्टरने मान हलवली आणि देवाने तेवढंही केलं नाही. आता ऊन कुठून येतंय तेवढं धुळाजीला कळे. पायाखालची गावची वाट पायांनाच पाठ होती. परक्या वाटेवर हबीब आपले नाल मारलेले जोडे वाजवत अर्धं पाऊल पुढे चाले आणि धुळाजी त्या आवाजामागे ताठ मानेने येई. लोक म्हणत, काय जोडी आहे, एकमेकांशिवाय पाऊल टाकत नाहीत. लोकांना काय, बोलायला मिळालं की झालं.

लपवायचं कारण सरळ होतं. अंगात व्यंग आलं की मानाची तलवार खाली ठेवायची, असा तालमीचा रिवाज. धुळाजीची बायको पहिल्या बाळंतपणातच गेली, पुन्हा त्याने संसार मांडला नाही. तो थोरल्या भावाच्या, मोहनरावाच्या घरी राही. तलवार त्या घरातल्या देव्हाऱ्यावर टांगलेली असे, म्हणून पंगतीत पहिलं ताट धुळाजीचं. तलवार गेली की ताटही जाणार, हे त्याला डोळे असताना जेवढं दिसत होतं त्याहून जास्त आता दिसत होतं.

"मला ओट्यावर बसवतील, हबीब," त्या दिवशी रानात तो म्हणाला होता. "पुढ्यात भाकर टाकतील आन् कुत्री हाकल म्हणतील. त्यापरीस जोडीत मेलेलं बरं."

"दिसत न्हाई तर वार अडवशील कसा?"

"तुझं तोंड हाय न्हवं."

आणि खरोखर मागच्या उरुसाला हबीबच्या तोंडावर तो उभा राहिला. शीर म्हटलं की फरी डोक्यावर, पालट म्हटलं की घोट्याशी. एक वार चुकला नाही. गावाने टाळ्या पिटल्या. हबीबला मात्र त्यानंतर कित्येक रात्री झोप नव्हती. ताशाच्या कडकडाटात एखादं नाव ऐकू गेलं नसतं तर? आपला आवाज ऐन वेळी घशात अडकला असता तर? दोस्ताची मान आपल्या हाताने उडालेली त्याला दिसे आणि तो दचकून उठे. म्हणून या वर्षी त्याने धार मारली. आपण फार हुशारी केली असं त्याला वाटलं, आणि सगळा घात तिथेच झाला.

उरुसाला त्या वर्षी जहागीरदारांचे जावई आले होते, थेट हैदराबादेहून. तरुण, अत्तर लावलेले, बोलायला गोड. शौक त्यांना दोनच, हत्यारांचा आणि नाटकांचा. दर्ग्यापुढे मांडवात त्यांची खुर्ची टाकली होती, मागे त्यांचा अरब जमादार उभा होता, हाडापेराने उंबऱ्याच्या लाकडासारखा. संदल आला. धुळाजी मानाची तलवार खांद्याला लावून अगदी रुबाबात चालत आला, हबीबचे जोडे पुढे खणखणत होते. अर्जुनराव पाटलांनी मानाची तलवार तपासून मान डोलावली. आणि जावयांनी हौसेने हबीबच्या तलवारीसाठी हात पुढे केला.

त्यांनी पात्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला, आणि मग ते हसू लागले.

रागावले असते तर परवडलं असतं. ते उर्दूत पाटलांना म्हणाले की हैदराबादेत नाटक कंपनीच्या लढाया आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. तिथेही तलवारी अशाच असतात, तिथेही नट आधी बोलतो आणि मग मारतो, आणि मेलेला राजा पडदा पडला की उठून चहा पितो. तुमच्या गावात एवढं मोठं नाटक होतं हे ठाऊक नव्हतं. पाटलांचा चेहरा काळाठिक्कर पडला. सिकलगाराची तलवार बोथट निघाली, ही बेअब्रू त्याच्या बापजाद्यांपर्यंत पोचणारी होती. पण हबीबला या घडीला तिचं काहीच वाटत नव्हतं. त्याचं लक्ष जावयांच्या कमरेकडे होतं.

जावयांनी आपली तलवार म्यानातून काढून हबीबच्या हातात दिली. तिची धार हबीबने नुसती पाहिली आणि त्याला कळली. खेळायचं तर हिने खेळा, ते म्हणाले, आणि मुक्याने खेळा.

हबीबने हात जोडले. नाव घेतल्याशिवाय वार करायचा नाही, हा वस्तादाचा शब्द आहे, तो मोडता येत नाही, असं त्याने परोपरीने सांगितलं. आपली तब्येत बरी नाही, असंही म्हणाला. जावयांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, काही हरकत नाही, आमचे जमादार तुमच्या त्या मानकऱ्याशी दोन हात करतील, त्यांना बोलायची फारशी सवय नाहीच. जमादाराने बाह्या मागे सारल्या.

"न्हाई हुजूर," हबीब म्हणाला. "मीच खेळतो."

धुळाजी मैदानाच्या मधोमध फरी घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून घाम गळत होता, पण मान ताठच. हबीब सलामीला जवळ गेला, वाकला, आणि त्याला नुसतं "धुळ्या" एवढंच पुटपुटता आलं. धुळाजी म्हणाला, "चल. तुझ्या हातून जाईल ते जाईल." मांडवातून जावयांनी बोट ओठांवर ठेवून खूण केली.

हबीब फिरू लागला. तलवार मात्र खालीच होती. लोक वाट बघत होते. आता आपण वार टाकणार, धुळाजीला ऐकू काही येणार नाही, आणि फरी भलतीकडे असणार. या अल्लाह, असं तो मनात म्हणाला आणि त्याच क्षणी त्याला दिसलं की फरी हलली. धुळाजीने आपण होऊनच ती डोक्यावर धरली होती.

मनातल्या मनात शीर म्हणत हबीबने फरीवरच तलवार घातली. खाडकन् आवाज झाला. फरी डाव्या कानशिलाशी गेली आणि हबीबचा तमाचा तिच्यावरच येऊन पडला. मग बाहेरा, मग कमर. तात्याबा वस्ताद पहाटे घोकून घ्यायचा तोच क्रम, लहानपणी दोघांनी छड्या खात शिकलेला. धुळाजी फरी नेईल तिथे हबीब पातं नेत होता. आंधळा सांगत होता आणि डोळस ऐकत होता. लोकांना यातलं काय कळणार? त्यांना वाटलं वारापाठोपाठ वार पडतोय आणि गडी बिनबोलता अडवतोय. बेलसुरीत असला खेळ कधी झाला नव्हता. टाळ्यांनी मैदान दणाणलं, आणि हबीबच्या छातीत जरा हवा शिरली. निभतंय, असं त्याला वाटलं.

पण जावई नाटकं बघून बघून पक्के झाले होते. आधी फरी जाते आहे आणि तलवार तिच्या मागोमाग, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी जोराने हाक मारून सांगितलं, सिकलगार फरीला मारतोय, माणसाला नाही. हे अजून नाटकच आहे. मग त्यांनी मागे न बघता दोन बोटं हलवली. जमादार तलवार उपसून मैदानात उतरला.

तो दहा-पंधरा पावलांवर होता. हबीबने धुळाजीकडे पाहिलं. धुळाजीची फरी कमरेशी थांबली होती आणि तो मान तिरपी करून त्या अनोळखी पावलांचा अंदाज घेत होता. हबीबला पुढचं सगळं दिसलं. त्या अरबाची पहिली हूल, म्हणजे नुसता खोटा वार, धुळाजीला कळणारसुद्धा नाही, आणि दुसरा वार खरा असेल. आंधळा आहे म्हणून ओरडावं तर दोस्ताचं जगणंच उघड्यावर पडतं. न ओरडावं तर तो मरतो. हबीबने हातातली तलवार धुळाजीच्या पायाशी टाकली आणि गुडघे टेकले.

"हारलो," तो मोठ्याने म्हणाला. "धुळाजीपुढं माजा हात चालत न्हाई. जोड संपली."

जोड संपली की मैदानात तिसऱ्याने उतरायचं नाही, हे जमादारालाही ठाऊक असावं. तो थांबला. गर्दीने हुर्यो केली. कुणी म्हणालं बांगड्या आणा. कुणी म्हणालं बोथट तलवार घेऊन आला तेव्हाच ओळखायला हवं होतं. हजराबीने पदर तोंडावर ओढून घेतला. हबीबला ते सगळं पावसासारखं अंगावरून जाऊ द्यायचं होतं. धुळाजी जिवंत होता, मानाची तलवार त्याच्याकडेच राहणार होती, आणि आता तर तो जिंकलेला होता. एवढं स्वस्तात सुटलो, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात अर्जुनराव पाटलांनी लिंबू मागवलं.

लिंबू. हबीब ते साफ विसरला होता. त्याच्या आणि धुळाजीच्या जोडीत कधी कुणी हरलंच नव्हतं, दरवर्षी बरोबरी, म्हणून लिंबू कापलेलं गावाने बघितलं त्याला जमाना झाला होता. रिवाज असा, की हरलेल्याने गुडघ्यावर बसून मान खाली घालायची, त्याच्या मानेवर लिंबू ठेवायचं, आणि जिंकलेल्याने मानाच्या तलवारीने एका वारात त्याच्या दोन फाका करायच्या. कातडीला ओरखडा नाही. मग दोघांनी एकेक फाक चोखायची आणि मनातली अढी तिथेच संपवायची. तात्याबा वस्ताद म्हणायचा, ज्याने मान दिली आणि ज्याने ती राखली, त्यांचं वैर कसं राहील? वस्तादाचं बोलणं सोन्यासारखं होतं, फक्त त्याने आंधळ्याचा विचार केला नव्हता.

मानाची तलवार. जिच्यावर केस टाकावा आणि दोन उचलावे. ती धार हबीबने काल स्वतःच लावली होती.

पाटलांनी मानाची तलवार धुळाजीच्या हातात दिली आणि हबीबच्या मानेवर लिंबू ठेवलं. त्याचा गारवा हबीबला मणक्यावर जाणवला. पाटील बाजूला झाले. डोळ्यांपुढे माती, ताशाचं एक तुटलेलं टिपरू आणि धुळाजीचे पाय. ते पाय हळूहळू जवळ आले. हबीबला भीती वाटत होती, सरळ साधी जिवाची भीती. हजराबी कुठे उभी आहे ते पाहायला मान वळवावी तर लिंबू पडेल.

"कामून हारलास रं?" वरून अगदी हलका आवाज आला.

"तू जगावास म्हणून."

"आन् आता?"

"आता मुकं ऱ्हायचं काम न्हाई," हबीब कुजबुजला. "मी बोलतो, तू मार. अर्धं पाऊल डावीकडं घे. हां. आता शीर. बेतानं. तुजा हात नावाला कधी चुकला न्हाई."

तलवार वर गेली. हबीबला तिची सावली मातीवर दिसली. त्याने डोळे मिटले आणि कलमा म्हणायला लागला. सावलीचं काय झालं ते त्याला कळलं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याच्या मानेला काहीतरी लागलं, पण ते पोलाद नव्हतं. ती बोटं होती. चाचपडत खांद्यावर आली, मानेवर सरकली, आणि त्यांनी लिंबू शोधून उचललं.

"पाटील," धुळाजी म्हणाला. त्याचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला. "मला लिंबू दिसत न्हाई. दोन वर्सं झाली, मला काईच दिसत न्हाई. हबीब न्हाई हारला. त्यानं मला वाचिवलं. ही घ्या तुमची तलवार."

तो वाकला, हाताने जमीन चाचपली आणि तलवार तिथे ठेवली. जावई खुर्चीतून उठले होते. त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. ते मांडवाबाहेर निघून गेले. पाटलांनी तलवार उचलली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे पुष्कळांनी पाहिलं. पण तलवार काही त्यांनी परत दिली नाही. रिवाज तो रिवाज.

हबीब उठला आणि रडू लागला. एवढं करून हाती काय आलं? त्याची अब्रू गेली आणि धुळाजीची तलवारही गेली. "म्या वार केला असता तर मेला असतास न्हवं?" धुळाजी चिडून म्हणाला. "मंग मी कुनाच्या तोंडावर जगलो असतो?" त्याने हबीबचा खांदा शोधून धरला. दोघे निघाले. लोकांनी वाट करून दिली.

वाटेत कडुलिंबाची फांदी खाली आली होती. "शीर," हबीब सवयीने म्हणाला, आणि धुळाजीचा रिकामा डावा हात फरी असल्यासारखा डोक्यावर गेला. फांदी हाताला लागली. पुढे वाटेत दगड आला तेव्हा हबीब "पालट" म्हणाला आणि धुळाजीने पाय उचलला. असे ते मोहनरावाच्या घरापर्यंत आले.

बातमी त्यांच्या आधी पोचली होती. देव्हाऱ्यावरची खुंटी मोकळी दिसत होती. मोहनराव दारात उभा होता आणि बाजूला झाला नाही. बाहेरच्या ओट्यावर, शेळीच्या खुंट्याजवळ, एक घोंगडी टाकलेली होती. धुळाजीचं जेवणाचं पितळी ताट घरात गेलं होतं आणि तिथे मातीचं एक परळ ठेवलं होतं. वाराचं नाव घ्यावं तसे हबीबने सवयीने ओठ उघडले.

धुळाजीने ओट्यावर हात फिरवला. घोंगडी लागली, मग परळ लागलं. तो हळूच बसला.

"ऱ्हाऊ दे, हबीब," तो म्हणाला. "इथं नाव घ्यायची गरज न्हाई. इथले वार कुठून येतेत ते मला ठावं हाय."